हेल्मेटच्या आतले कान : लष्करी हवाई क्रूने आपलं ऐकणं कसं जपावं

नाशिककरांना डोक्यावरून जाणारा आवाज नवा नाही. १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी ओझरचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांवर लढाऊ विमानांचा गडगडाट आहे. मिग-२१ आता निवृत्त झालं, पण सुखोईचं काम सुरू आहे आणि तेजसची नवी लाइनही तिथे उभी राहिली आहे. नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट तयार होतात. देवळालीच्या तोफा वेगळ्याच. खाली उभ्या माणसाला हा आवाज मिनिटभराचा असतो. यंत्राच्या आत बसून किंवा शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांच्या कानात तो नोकरीभर जात राहतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कानांच्या तपासणीचं काम करते. उपनगर, देवळाली कॅम्प, ओझर टाउनशिप या भागांतून सेवानिवृत्त टेक्निशियन, फ्लाइट इंजिनिअर, क्वचित पायलट माझ्याकडे येतात. बहुतेकांना बायकोने आणलेलं असतं. "मॅडम, मिक्सर चालू असला की यांच्याशी बोलायची सोयच नाही," हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांतून ऐकलं आहे. त्या टप्प्यावर मी श्रवणयंत्र देऊ शकते, गेलेलं ऐकणं परत देऊ शकत नाही. म्हणून हे जे अजून सेवेत आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे: पायलट, गनर, फ्लाइट इंजिनिअर, आणि फ्लाइट लाइनवर, म्हणजे उड्डाणासाठी विमानं उभी असतात तिथे, इंजिनाशेजारी उभे राहणारे सगळे. सांगायचं आहे ते इतकंच की कान वाचतो सीलवर आणि मिनिटांवर. कानाभोवतीचं आवरण किती घट्ट बसलं, आणि आवाज चालू असताना ते किती मिनिटं उघडं राहिलं. हेल्मेट किती भारी, हा प्रश्न त्यानंतरचा.

कानात नेमकं काय बिघडतं

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात जवळपास १५ हजार केसपेशी असतात आणि आवाजाची हालचाल त्या मज्जातंतूपर्यंत पोहोचवतात. मोठ्या आवाजाने या पेशी आधी थकतात. सॉर्टीनंतर, म्हणजे एका उड्डाणानंतर, कानाला दडे बसतात, बारीक शिट्टी वाजते, संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. हे वारंवार झालं की पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. दडा सुटला, तपासणीचा आलेख पूर्ववत आला, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. अशा माणसाला शांत खोलीत सगळं ऐकू येतं आणि लग्नाच्या हॉलमध्ये समोरचा काय बोलतो ते कळत नाही.

नुकसान सुरू होतं ते बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास. बाहेरच्या कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झचा आवाज आपोआप वाढवते, त्यामुळे मार त्याच्या थोडा वर बसतो. मराठीतली स, श, त, थ, च, फ ही व्यंजनं याच उंच पट्ट्यांवर उभी आहेत. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण समजत नाही." इंटरकॉमवर आकडे घेणाऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट उड्डाणाच्या सुरक्षेपर्यंत जाते.

आधी आपला आवाज किती, ते माहीत करून घ्या

डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. जगभरातले बरेच तज्ज्ञ ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करतात: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांची पट्टी सैल आहे. ९० डेसिबलला ८ तास आणि दर ५ डेसिबलला निम्मं, म्हणजे १०० ला २ तास. मी सगळ्यांना पहिली पट्टी वापरायला सांगते. कायद्याची पट्टी कारखाना चालू राहावा हेही पाहते. तुम्हाला साठीत नातवंडांचं बोलणं ऐकायचं आहे.

हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतात, जड यंत्रांत त्याहूनही जास्त. त्या आवाजाचे थर असतात: रोटरच्या पात्यांचा जाड, छातीत जाणवणारा घुमारा, गिअरबॉक्सची किरकिर आणि टर्बाइनची चिरकी शिट्टी. दार उघडं ठेवून उडालात की वाऱ्याची भर पडते. गिअरबॉक्सखाली बसणारा आणि पुढे बसणारा यांच्या कानांवर सारखा भार नसतो. आफ्टरबर्नर लावलेल्या लढाऊ विमानाजवळ आवाज १४० च्या पुढे जातो. तिथे मिनिटांचा हिशेब संपतो, कारण एवढा आवाज एका झटक्यातही इजा करतो.

हे आकडे मोबाइलच्या अॅपवर मोजू नका. फोनचा मायक्रोफोन एवढ्या मोठ्या आवाजात आणि जाड सुरांत चुकतो, शिवाय टारमॅकवर फोन नेण्याची परवानगी बहुधा नसतेच. युनिटच्या मेडिकल ऑफिसरकडे किंवा सेफ्टी विभागाकडे तुमच्या यंत्राचं आणि तुमच्या जागेचं मोजमाप मागा. मागायला संकोच करू नका. हा तुमच्या कामाच्या जागेचा आकडा आहे.

हेल्मेटचं सील

हेल्मेट डोक्यासाठी आहे, कानांचं काम त्यातले इअरकप करतात. कपाची गादी कानाभोवतीच्या कातडीला सगळीकडून चिकटली तरच आवाज अडतो. हेल्मेट उंच सूर चांगले अडवतं आणि जाड सुरांना बरीच वाट देतं. गादीत फट पडली की आधी शिरतो तो हाच जाड आवाज.

दर आठवड्याला, उजेडात, पाच मिनिटं काढून हे पाहा. गादीवरून बोट गोल फिरवा. नवी गादी दाबली की हळू वर येते. घामाने आणि उन्हाने म्हातारी झालेली गादी कडक लागते, वाकवली की बारीक भेगा दिसतात, कधी शिवणीजवळ आतला स्पंज डोकावतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत हेल्मेट ठेवलं की हे लवकर होतं. अशी गादी त्याच दिवशी बदलून मागा. चांगली दिसली तरी वर्षभर तीच चालवू नका.

दुसरी फट चष्म्याची. जाड, रुंद दांडी गादीला उचलून धरते आणि तिच्या वर-खाली बोगदा तयार होतो. उड्डाणासाठी पातळ, सरळ दांडीचा चष्मा घ्या. तिसरी फट केसांची: अंबाडा, पिना किंवा कानावर आलेले केस गादीखाली राहू देऊ नका. मान आणि हनुवटीचे पट्टे सैल असतील तर डोकं वळवताना कप सरकतो, म्हणून पट्टे आवळून डोकं दोन्हीकडे वळवून बघा.

आता खरी चाचणी. इंजिन चालू असताना, जमिनीवर, दोन्ही तळहातांनी दोन्ही कप डोक्यावर दाबा. आवाज स्पष्ट कमी झाला तर तुमचं सील गळतंय. फारसा फरक पडला नाही तर सील ठीक आहे. ही चाचणी दहा सेकंदांची आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. प्रत्येक सॉर्टीआधी करा.

आत प्लग, बाहेर हेल्मेट

एकट्या हेल्मेटवर विसंबू नये असं मला ठामपणे वाटतं. कानात फोमचा प्लग आणि वर हेल्मेट, असं दुहेरी संरक्षण घ्या. दोघांचे आकडे मात्र बेरजेने वाढत नाहीत. चांगल्या एका साधनावर दुसरं चढवलं की साधारण ५ डेसिबलची भर पडते. पण ५ डेसिबल म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाच्या आसपास. आणि हेल्मेटचं सील गळकं असेल तर हाच प्लग तुम्हाला वाचवतो. एका हद्दीपुढे आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो, त्यामुळे कुठलंही साधन पूर्ण शांतता देऊ शकत नाही.

प्लग किती डेसिबल कमी करतो ते पाकिटावर छापलेलं असतं, त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो प्रयोगशाळेत, नीट बसवून मोजलेला असतो. हिशेबाची एक प्रचलित रीत अशी: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. पाकिटावर ३० असेल तर हाताशी साडेअकरा धरा. माझ्यासमोर लोक प्लग लावून दाखवतात तेव्हा निम्म्याहून जास्त प्लग बाहेरच राहिलेला दिसतो. तो असा लावा:

हात धुवा. ग्रीसच्या हाताने प्लग धरला की तो मळ कानात जातो. तीन बोटांत धरून हळूहळू वळा, जितका बारीक होईल तितका बारीक, सुरकुती न पडता. दाबून चपटा केला तर घडीतून आवाज शिरतो. मग उलटा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा काठ वर आणि मागे ओढा. उजव्या कानासाठी डावा हात. कानाची नळी वाकडी असते, या ओढीने ती सरळ होते. हीच पायरी सगळे गाळतात. प्लग आत सरकवा आणि बोटाच्या टोकाने ३० ते ४० सेकंद धरून ठेवा, फोम फुगेपर्यंत. समोरून आरशात पाहिलं तर प्लगचं टोक दिसता कामा नये. शेवटी मोठ्याने एक ते पाच मोजा: स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला आणि दोन्ही कानांत सारखा घुमला, तर प्लग बसला. एकाच कानात घुमला तर दुसरा काढून पुन्हा लावा.

काढताना फिरवत हळू काढा, झटका दिला की पडद्यावर ताण येतो. वापरलेला फोम दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरू नका. कान वाहत असेल, खाजत असेल तर प्लग लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मळ साठला असेल तर तोही आधी काढून घ्या, नाहीतर प्लग त्याला आत ढकलतो. काडी आणि तेल नको.

कानाच्या साच्यावरून बनवलेले सिलिकोनचे प्लग वर्षानुवर्षं टिकतात आणि चुकीचे बसण्याची शक्यता कमी असते. हवाई क्रूसाठी मात्र एक अट आहे: ते हवाबंद बसतात, आणि वेगाने खाली उतरताना प्लग आणि पडदा यांच्यातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळला नाही तर कान दुखतो. म्हणून हवेला बारीक वाट ठेवलेला नमुनाच बनवून घ्या, आणि तो वापरण्याआधी युनिटच्या मेडिकल ऑफिसरची संमती घ्या. सर्दीत उडू नये हा नियम प्लग असताना दुप्पट लागू.

आणखी दोन साधनं तुमच्या युनिटमध्ये असतील तर त्यांचा फायदा घ्या. पहिलं, प्लगमध्येच बसवलेला छोटा स्पीकर. त्यामुळे बोलणं थेट नळीत येतं आणि प्लगचं संरक्षणही राहतं. दुसरं, कपातलं इलेक्ट्रॉनिक आवाजशामक. ते बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून त्याला मारतं. त्याची ताकद जाड सुरांवर, साधारण १००० हर्ट्झच्या खाली चालते, आणि हेल्मेट तिथेच कमी पडतं, म्हणून जोडी जमते. टर्बाइनची शिट्टी मात्र त्याच्या हातची नाही, ती गादी आणि प्लगनेच अडवायची. बॅटरी उड्डाणाआधी तपासा.

रेडिओही आवाजच आहे

हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित आहे. इंजिनाचा आवाज कपात शिरला की माणूस इंटरकॉमचा व्हॉल्यूम वाढवतो, कारण बोलणं कळायला ते आवाजाच्या वर असावं लागतं. मग पडद्यावर सर्वात मोठा आवाज इंजिनाचा राहत नाही, तुमच्या स्वतःच्या हेडसेटचा होतो. सील सुधारलं की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो आणि दुहेरी फायदा होतो.

"प्लग घातला तर आरटी (रेडिओवरचं बोलणं) ऐकू येणार नाही," असं अनेक क्रू सांगतात. प्लग बोलणं आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करतो, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. व्हॉल्यूम थोडा वाढवा, बोलणं पहिल्याइतकंच कळेल. सवय व्हायला काही सॉर्ट्या लागतात. ज्यांचं ऐकणं आधीच उतरलं आहे त्यांना मात्र हे जड जाऊ शकतं. त्यांनी आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी.

व्हॉल्यूम लावण्याचा क्रम ठरवून टाका: प्लग, हेल्मेट, दोन्ही कप दाबून चाचणी, मग सगळ्यात खालून हळूहळू वर, बोलणं नुसतं स्पष्ट होईपर्यंत. नको असलेला रेडिओ बंद किंवा मंद ठेवा. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. तो दोन बोटं लांब राहिला की केबिनचा गोंगाट माइकमधून उचलला जाऊन सगळ्या क्रूच्या कानात ओतला जातो. एकाच्या ढिलाईने चौघांचे कान भरतात.

उघडी मिनिटं

आता मिनिटांचा हिशेब. समजा केबिनमध्ये १०० डेसिबल आहेत, हेल्मेट १५ कमी करतं आणि सॉर्टी ९० मिनिटांची आहे. पूर्ण वेळ नीट घातलं तर कानावर ८५ पडतात आणि पट्टीप्रमाणे तुमच्याकडे ८ तास आहेत. आता त्यातली फक्त ९ मिनिटं कप उचललेला राहिला, कुणाशी बोलायला, घाम पुसायला, चष्मा सारखा करायला. सरासरी ९१ वर जाते. ८ तासांची मुभा २ तासांवर आली, आणि १५ डेसिबलचं हेल्मेट ९ चं झालं.

ग्राउंड क्रूची तर ही कायमची सवय असते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त टेक्निशियनचा डावा कान उजव्याहून बराच जास्त गेला होता. कारण विचारलं तेव्हा त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि त्यांनी नसलेला मफ, म्हणजे कानावरचा कप, दोन बोटांनी उचलून दाखवला. इंजिन रनच्या वेळी शेजारचा काय ओरडतो ते ऐकण्यासाठी ते आयुष्यभर तोच एक कप उचलत आले होते.

म्हणून हद्द आखून घ्या. फ्लाइट लाइनकडे निघण्याआधी, शांत जागेतच प्लग लावा, आणि परत शांत जागेत आल्यावरच काढा. मधल्या काळात हातांच्या खुणा वापरा, किंवा बोलण्याची सोय असलेला हेडसेट मागा. रोटर फिरत असताना चढणाऱ्या-उतरणाऱ्या जवानांनाही प्लग द्या. फोमचा एक जोड काही रुपयांना येतो आणि ही जबाबदारी क्रूची आहे. ज्याला त्या क्षणी आवाजापासून दूर राहता येतं त्याने दूर जावं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो.

ड्युटीबाहेरचे तास

दिवसभर थकलेल्या केसपेशींना रात्रीची शांतता लागते. नाशिकमध्ये ती मिळवावी लागते. आपला नाशिक ढोल देशभर वाजतो आणि मला त्याचा अभिमान आहे. सॉर्टीच्या दिवशी संध्याकाळी पथकाच्या सरावाला उभं राहणं मात्र थकलेल्या कानाला पुन्हा मार देणं आहे. वाजवायचंच असेल तर वादकांसाठीचे, सगळे सूर सारखे कमी करणारे प्लग मिळतात, ते घाला. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासून लांब राहा. फायरिंगचा सराव असेल तर प्लग आणि मफ दोन्ही. बंदुकीचा धमाका १४० च्या वर जातो.

पेंट शॉप आणि डिग्रीझिंगमध्ये काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: टोल्यूइन, झायलीन, स्टायरीनसारखी द्रावकं स्वतः आतल्या कानाला घातक आहेत आणि आवाजाबरोबर आली की नुकसान वाढवतात. तिथे श्वसनाचा मास्क हा कानाचाही बचाव आहे. जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, मोठ्या डोसातली अॅस्पिरिन, काही लघवीची औषधं यांनीही कानाला त्रास होतो. औषध देणाऱ्याला आधी सांगा की तुम्ही आवाजात काम करता.

तपासणी

पहिला ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीचा आलेख, आवाजाच्या कामावर जाण्याआधीचा असावा, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. त्यानंतर दरवर्षी एक. तपासणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा, नाहीतर थकवा आणि कायमचं नुकसान यांची गल्लत होते. फक्त सहा मीटरवरून कुजबुज ऐकण्याच्या चाचणीवर समाधान मानू नका. सुरुवातीची घट तिच्यातून सहज निसटते. आलेखात ३००० आणि ६००० हर्ट्झ मोजलेत का ते पाहा. ४००० च्या आसपास खड्डा आणि ८००० ला पुन्हा सुधारणा, ही आवाजाच्या माराची खूण. २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी पहिल्या आलेखापेक्षा कुठल्याही एका कानात १० डेसिबलने उतरली असेल, तर ताबडतोब सील, प्लग आणि मिनिटं तिन्ही तपासा. शक्य असेल तिथे ओएई, म्हणजे केसपेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणीही करून घ्या. बाहेरच्या केसपेशींची थकावट ती बऱ्याचदा ऑडिओग्रामआधी दाखवते.

मेडिकल कॅटेगरी, म्हणजे सेवेतला वैद्यकीय दर्जा, जाईल या भीतीने माणसं शिट्टी, दडे, बायकोची तक्रार, सगळं दडवतात. मला ही भीती समजते. पण दडवलेलं नुकसान वाढतच जातं, आणि कॅटेगरीला खरा धोका त्या वाढीचा आहे. १० डेसिबलवर गादी बदलून भागतं.

एक परिस्थिती मात्र थांबण्याची नाही. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, धमाक्यानंतर कानातून रक्त आलं, किंवा चक्कर येऊन शिट्टी सुरू झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टिरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या दिवसांतच, आणि "उद्यापर्यंत मोकळा होईल" म्हणत आठवडे घालवलेल्यांसाठी माझ्या हातात फार थोडं उरतं.

प्रत्येक ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या आणि बदलीबरोबर ती सोबत न्या. तारीख, त्या काळातलं यंत्र आणि बसण्याची जागा त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहा. सेवामुक्तीच्या मेडिकल बोर्डापुढे बसाल तेव्हा फाइलमध्ये पहिल्या वर्षापासूनचे आलेख ओळीने लावलेले असू द्या.